तिसऱ्या दोरीचं साल

सकाळी ओसरी झाडताना केरात दोनच सालं निघाली. तीन पाहिजे होती.

आता तुम्ही म्हणाल, कसली सालं? लसणाची का भुईमुगाची? तसलं नाही. ती दोरीची सालं होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, गडद हिरवी, विजेच्या वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यावर निघतं ना, तशी पोकळ. आदल्या दिवशी दुपारी मी तीन दोऱ्या सांधल्या होत्या. मग सालंही तीनच निघायला हवीत. मी केर पुन्हा पसरला. सुपात घेऊन तांदूळ निवडावा तसा निवडला. खाटेखाली वाकून पाहिलं. दोनच.

आमचे मालक तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "काय हुडकायलीस?"

"साल."

"कशाचं?"

"दोरीचं. तिसरं साल घावंना."

"कोंबडीनं खाल्लं आसंल. उद्या हिरवं अंडं घालंल बघ."

मला हसू आलं नाही. ती तिसरी दोरी पहाटेच आमच्या सुनेबरोबर तलावावर गेली होती, आणि सून ह्या साली घरी राहणार का कोयत्यावर जाणार, हे त्या दोरीवर लटकलं होतं.

नीट सांगते. आमचा लेक आणि सून दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादम नेत नाही. सहा महिने परमुलखात, पाचटाच्या खोपीत. नात माझ्यापाशी. मागच्या उन्हाळ्यात दोघं परत आले, तर पोरगी माझ्या लुगड्याआड लपली. आईला ओळखेचना. "ही कोन?" म्हणाली. सून तिथंच चुलीपाशी होती. भाकरी थापत राहिली. पण तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही, आणि ती पोरगी भाकरी करपवणारी नव्हे.

पावसाळ्यात साहेबांनी तिला होडीवर ठेवलं. साहेब मूळचे युसूफ वडगावचे. जन्म गेला परदेशातल्या नोकरीत. आता म्हातारपणी आमच्या वडवणीकडच्या तलावाच्या काठाला घर बांधून राहिलेत. त्यांचा छंद जगावेगळा. लांब लवलवती काठी, तिला चरखी, चरखीवर जाड दोरी आणि टोकाला पिसांची खोटी माशी. म्हणजे गळच, पण पिसं बांधून किड्यासारखा नटवलेला. दोरी डोक्यावरून चाबकासारखी फिरवायची आणि दूर फेकायची. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा.

गावाला एवढं पुरलं. पारावर एकजण म्हणाला, "धरतो आन सोडतो? मग धरतो कावून बे?"

दुसरा म्हणाला, "घरवाली मासा घरात घिऊ देत नसंल."

पण होडी वल्हवायला माणूस लागत होतं आणि आमची सून तयार झाली. ती चकलांब्याकडची. तिच्या माहेरी जाळं दोन पिढ्यांमागंच सुटलं, शेती करतात. लग्न होऊन आली तेव्हा गुडघाभर पाण्याला भ्यायची. मी तिला पाण्यात उभं राहायला शिकवलं, वल्हं धरायला शिकवलं. आता साहेबांच्या होडीत जाकीट घालून अशी बसते की बघत राहावं.

साहेब तिला म्हणाले होते, "माझे दोन मित्र येणार आहेत. त्यांना आपला तलाव आवडला, तर त्यांची माणसं उन्हाळ्यापर्यंत येत राहतील. मग तू इथंच राहा. नाही आवडला, तर मी एकटा तरी थंडीत इथं काय करू? लेकीकडं जाऊन राहीन."

ते मित्र आले होते. तो हाच दिवस. आणि संध्याकाळी मुकादम शेवटचं विचारायला येणार होता, येता का नाही ते.

घोडं पेंड खात होतं ते सांध्यावर. साहेबांची ही दोरी बुडणारी. सालातच वजन भरलेलं असतं, म्हणून ती खाली तळाला जाते, जिथं शिवडा बसून असतो. शिवडा म्हणजे तो मिशावाला, लांबडा, तोंडभर दातांचा. दोरी जाड, माशाला दिसणारी. म्हणून तिच्या पुढं बारीक तंगूस, म्हणजे पाण्यात न दिसणारा नायलॉनचा दोरा जोडायचा आणि तंगुसाला गळ. मी म्हणाले होते, "साहेब, तंगूस चांगला लांब ठिवा की. मासा बुजायचा न्हाई."

साहेब म्हणाले, "मावशी, इथं उलटं आहे. दोरी बुडते आणि तंगूस लांब असला तर माशी वरच तरंगत राहते. दोन-तीन हात, बास."

मला पटलं. पण जाड दोरी आणि बारीक तंगूस, ह्यांचं लग्न लावणं सोपं नाही. गणपतीच्या सुमारास एक मोठा शिवडा लागला, साहेबांनी ओढ घेतली, आणि सांधाच सुटून आला. दोरीच्या टोकावरचं साल पायमोजा निघावा तसं निघालं होतं. तंगूस गेला, गळ गेला. साहेब दोन दिवस धड जेवले नाहीत. मासा गेला म्हणून नाही हो, मासा तोंडात गळ घेऊन गेला म्हणून.

सून ती दोरी घेऊन माझ्याकडे आली. "आत्याबाई, तुमी जाळ्याच्या काठाला दोरी सांधता, तसं ह्ये सांधता येईल का?"

मी भोयाची लेक. अक्षर मी लेकाच्या पुस्तकावरून शिकले, पण गाठ त्याच्या किती आधी! मला वाटलं, त्यात काय. मी जाळ्याची गाठ मारली. सून म्हणाली छान. मालकांनी दोन्ही टोकं धरून नुसती लाडात हलवली, आणि साल सटकून हातात आलं.

"भिजलेल्या हरबऱ्यासारखं सोललं की गं," मालक म्हणाले. "तुज्या बापानं तुला ह्येच शिकवलं व्हय?"

बापाचं नाव काढल्यावर मी गप्प बसणार आहे होय! चार दिवस त्या दोरीच्या मागं लागले. आणि मग कळलं, की गाठ सालावर मारायचीच नाही. साल म्हणजे अंगावरचं कांबळं. धरायचं ते आतलं अंग. तंगुसाचा फास टाकून आवळला की साल कापलं जातं, आणि ओढलं की बोटातली अंगठी निघावी तसं निघतं. आत पांढरी बारीक वेणी असते. ती दुमडून टोकाला सुतळी जाईल एवढं, सुईला असतं तसं नाकं करायचं, आणि दुमडीवर पक्का दोरा वेटाळायचा, वेढ्याला वेढा चिकटून, जीव खाऊन. माझे वडील जाळ्याच्या शिशाच्या दोरीला असंच वेटाळायचे. तंगुसालाही नाकं करायचं. मग नाक्यातून नाकं ओवलं की झालं, तंगूस कधीही बदलता येतो.

वरून काय लावायचं, हा पुढचा घोळ. आधी तो झटकन चिकटणारा डिंक लावला. तो काचेसारखा कडक झाला आणि वाकवल्याबरोबर तडकला. मग सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोलुशन आणलं. रबरासारखं वाळतं, वाकतं, पाण्याला भीत नाही. साहेबांनी तो सांधा हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला. म्हणाले, "मावशी, माझ्या तिन्ही दोऱ्यांना हेच करून द्या. मित्र येतायत."

झालं. आदल्या दुपारी मी ओसरीवर बसले. पहिली दोरी झाली. दुसरी झाली. काळा दोरा संपला म्हणून तिसरीला लाल घेतला. आणि तेवढ्यात मालक ओरडले, गाय सुटली. मी दोरी टाकून गाईमागं धावले. गाय शेजारच्या तुरीत. तिला आणून बांधली, हात धुतले, परत बसले आणि लाल दोरा वेटाळायला लागले. सगळं आठवतं. फक्त तिसऱ्या दोरीचं साल काढल्याचं आठवत नाही. गाय सुटायच्या आधी काढलं होतं का? का नंतर काढायचं म्हणून ठेवलं आणि तसंच सालावरून वेटाळलं? वरून सोलुशन लागल्यावर काही दिसत नाही. काढलेलं आणि न काढलेलं सारखंच.

तुम्ही म्हणाल, मग ओढून बघायचं ना, बाई. तेच तर. आमच्या माहेरी नवी गाठ घरात ओढून बघत नाहीत. नवं जाळं, नवा सांधा, काहीही असो, पहिला ताण पाण्याचा. माणसानं आधी ओढली तर गाठ उष्टी होते. मालकांनी ती पहिली गाठ हलवली तेव्हाही मी त्यांच्यावर ओरडले होते. देवाचा नैवेद्य कोणी चाखून बघतं का? वडील एवढे कडक, की लहानपणी मी एकदा नव्या जाळ्याला हिसका दिला तर ते अख्खं जाळं त्यांनी त्या दिवशी पाण्यात नेलं नाही. मी सुनेलाही बजावलं होतं, "ह्या दोऱ्या कुनी वढायच्या न्हाईत. उष्ट्या व्हतील." आणि तिन्ही खुंटीला टांगून दिवा लावायला गेले होते.

केरातली दोन सालं मुठीत धरून मी निघाले. मालक मागून म्हणाले, "आगं, भाकर तरी खा!" मी थांबले नाही. तलाव आमच्या घरापासून लांब नाही, पण माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. वाटेत दोनदा बसले. प्रत्येक वेळी बसल्यावर डोळ्यांपुढं तेच, साल सटकतंय, तंगूस जातोय, पाहुणे साहेबांकडं बघतायत आणि साहेब सुनेकडं बघतायत. आणि मग नात. ही कोण, म्हणणारी.

पोचले तर होडी पार आत, बुडालेल्या बाभळींपाशी. शिवडा तिथंच असतो. होडीत चौघं दिसत होती. साहेब, एक जाडजूड पाहुणे, एक टोपीवाल्या बाई साधारण माझ्याच वयाच्या आणि वल्ह्यावर आमची सून. मी पदर हलवला, हाका मारल्या. वारा माझ्याकडंच येत होता, हाक माझ्याच तोंडात परत. सुनेनं एकदा हात वर केला. तिला वाटलं, सासू कौतुकानं बघायला आलीय.

मग काय करणार? बसले दगडावर. दोऱ्या हवेत फिरताना दिसायच्या, पण लाल दोरा कुणाच्या हातात आहे ते एवढ्या लांबून कसं दिसणार? तिघांपैकी कुणाची काठी जरा वाकली की मी दगडावरून उठून उभी राहायचे. बाभळीत अडकलेली निघायची. मी जन्मभर पाण्याला म्हणत आले, दे माय, मासा दे. त्या सकाळी म्हणाले, नको देऊ. निदान जेवायला काठावर येईपर्यंत नको देऊ.

पाण्यानं ऐकलं. ऊन डोक्यावर आलं तशी होडी काठाला आली. पाहुणे साहेबांबरोबर झाडाखाली डबा खायला गेले. चेहरे पडलेलेच होते, सकाळभर एक मासा नव्हता. सून होडी बांधत होती. मी तिच्याजवळ गेले. हळूच म्हणाले, "लाल दोऱ्याची दोरी कुनाकडं हाय?"

"त्या बाईकडं. कावून, आत्याबाई?"

"ती वापरू नगं म्हनावं. मी... पोरी, मी तिचं साल काढायचं इसरलेय बहुतेक. दोनच सालं घावलीत." मी मूठ उघडून दाखवली.

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं इकडं-तिकडं बघितलं, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि त्यातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तिसरं साल.

"काल तुमी दिवा लावायला गेलतात, तवा मी वढून बघितल्या," ती म्हणाली. "तिन्ही. दोन टिकल्या. लाल सटकली. मग मी गोठ्यात मोबाईलच्या उजेडात परत बांधली. साल काढून. तुमी करता तशीच. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाई. उष्ट्या केल्या ना मी. सकाळधरनं एक मासा लागंना, मला वाटायलंय माज्यामुळंच..."

म्हणजे मी काठावर जळत होते आणि ती पाण्यात.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी त्या तीन सालांकडं बघत राहिले, आणि काय सुचलं सांगू? वडिलांचं जाळं सुताचं होतं. सुताचा दोरा कोरडा असताना हिसका दिला तर कचकन तुटतो, आणि तोच भिजला की दम धरतो. कोरड्यात ओढून गाठी कमकुवत करू नका, एवढंच ते सांगत असतील. लेकरांनी ऐकावं म्हणून उष्टं म्हणाले असतील. का त्यांनाही त्यांच्या बापानं तेवढंच सांगितलं असेल, कुणास ठाऊक. पण ह्या प्लॅस्टिकच्या दोरीला सुताचा नियम लावून मी सुनेचा हंगाम बुडवायला निघाले होते.

"आन ती काठी हिकडं," मी म्हणाले.

"आत्याबाई?"

"आन म्हनलं ना."

तिनं काठी आणली. मी तिचा सांधा बघितला. वेढे माझ्याइतके बसलेले नव्हते, एका जागी दोऱ्याला दोरा चढला होता. पदराला बोटं पुसली, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. जाळ्याला हिसका दिला त्या वयात पुन्हा वडिलांच्या समोर उभी असल्यासारखं वाटलं. आणि मी ओढलं. आधी भीत भीत. मग पाय रोवून. तंगूस हातात रुतला, सांधा हलला नाही.

"ह्ये हितं वेढा चढलाय," मी म्हणाले, "पुन्हा करताना दाबून धर."

"व्हय."

"आता जा. भाकर खाल्लीस का?"

"न्हाई."

"मी बी न्हाई."

तिच्या फडक्यातली अर्धी भाकर आम्ही उभ्यानंच खाल्ली.

दुपारी होडी परत बाभळींकडं गेली. मी घरी जायला पाहिजे होतं, नात एकटी आजोबांपाशी. पण पाय उचलेना. ऊन कलतीला लागलं आणि टोपीवाल्या बाईंची काठी वाकली. अडकल्यासारखी नाही. मासा असला की काठी मान डोलावते. तशी डोलावत होती. होडीतली सगळी माणसं एका बाजूला झाली, सून दुसऱ्या बाजूला सरकून होडी तोलायला लागली. किती वेळ चाललं मला सांगता यायचं नाही. दोनदा पाण्यावर पिवळट पोट चमकलं. मी दगडावरून उठून पाण्यात किती आत गेले ते लुगडं भिजल्यावर कळलं.

आणि काठी फटकन सरळ झाली.

बाई मागं कलंडल्या, साहेबांनी त्यांना धरलं. दोरी मोकळी. गेला मासा. मी तिथंच पाण्यात उकिडवी बसले. डोक्यात एकच, चढलेला वेढा. तो चढलेला वेढा मी बघितला होता आणि तरीही जा म्हणाले होते.

होडी काठाला यायला जन्म लागल्यासारखं झालं. साहेब आधी उतरले. हातात दोरीचं टोक होतं, ते त्यांनी माझ्यापुढं धरलं. माझे डोळे भरलेले, मला काही दिसेना.

"बघा तरी मावशी," ते म्हणाले.

लाल वेढे होते. जागच्या जागी. नाक्यात नाकं. त्याच्या पुढं तंगूस, आणि तंगुसाच्या टोकाला गळ. गळ मात्र सुईसारखा सरळ झालेला. माशानं गळ उघडला होता. सांधा नाही.

"गळाची चूक," साहेब म्हणाले. "तुमची नाही."

"माजी न्हाईच," मी म्हणाले. "लाल सांधा तिचा हाय."

सून होडीची दोरी खुंट्याला गुंडाळत होती. तिनं वर बघितलं नाही, पण खुंट्याला नको इतके वेढे देत होती. त्या टोपीवाल्या बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पसरून माशाची लांबी दाखवली, मग हसत आणखी पसरले. मग सुनेजवळ जाऊन तिचा हात धरून तो सरळ झालेला गळ तिच्या तळहातावर ठेवला. साहेब म्हणाले, "त्या विचारतायत, उद्या सकाळी किती वाजता निघायचं."

संध्याकाळी मुकादम आला. मालकांनी पाणी दिलं. तो म्हणाला, "मग काय ठरलं? टोळीत एक कोयता कमी पडायलाय." लेक बायकोकडं बघायला लागला. सून दारात उभी होती, नात तिच्या काखेत. ती म्हणाली, "यंदा न्हाई." एवढंच. मुकादम म्हणाला, "फुडल्या साली माज्या मागं आलीस तर जागा ठिवायचो न्हाई," आणि गेला.

तर असं आहे. ह्या सालचं भागलं म्हणायचं. पुढच्या साली साहेब असतील का, पाहुणे येतील का, तलावात पाणी राहील का, कोण सांगणार? पण दर आठवड्याला आता साहेबांच्या पाहुण्यांसाठी ओसरीवर नवे सांधे होतात. बांधते ती. मी एक टोक धरते. "वढा, आत्याबाई," ती म्हणते. मी भिंतीकडं तोंड करून वडिलांना मनातल्या मनात म्हणते, दादा, ही सुताची नाही हो. आणि ओढते.